प्लेथिस्मोग्राफ

शरीराचा एखादा अवयव किंवा संपूर्ण शरीर किती फुगते-आकसते याचा आलेख काढणारे उपकरण. ‘वाढ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रोहिण्यांमधून हातात रक्ताची लाट शिरते, हात किंचित फुगतो आणि नीलांमधून रक्त ओसरले की पूर्ववत होतो. डोळ्यांना न दिसणारा हा फरकच येथे मोजायचा असतो.

इटलीतील तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८७० च्या दशकात पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्यात माणसाचा हात बसवला. हात फुगला की तेवढे पाणी बाहेर सरकत असे. मनातल्या मनात गणित करायला सांगितले तरी हाताचे आकारमान घटते, हे त्यांना यातूनच दिसले. युक्ती साधी आणि विलक्षण होती.

पुढे याच तत्त्वावर रक्तप्रवाह मोजता येऊ लागला. दंडाला पट्टा बांधून त्यात सुमारे ४० ते ५० मिमी पारा एवढा दाब दिला की नीला दबतात, पण रोहिण्या वाहत राहतात. आत आलेले रक्त अडकते आणि हात ज्या वेगाने फुगतो, तोच रक्त येण्याचा वेग ठरतो. विश्रांतीच्या वेळी कोपराखालच्या हातात दर १०० मिलि. ऊतकामागे मिनिटाला साधारण २ ते ४ मिलि. रक्त येते. १९५३ मध्ये व्हिटनी यांनी पाण्याऐवजी पारा भरलेली रबरी नळी हाताभोवती गुंडाळली. नळी ताणली की पाऱ्याच्या धाग्याचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून हात किती फुगला ते कळते. रक्त विजेचे चांगले वाहक असल्याने, अवयवातून सौम्य प्रवाह सोडून रोधातला बदल मोजणारी उपकरणेही निघाली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे उपकरण देशातच विकसित केले.

फुप्फुसांसाठी मात्र माणसालाच खोक्यात बसवावे लागते. जोराने श्वास सोडला तरी फुप्फुसांत सुमारे सव्वा लिटर हवा उरतेच. साध्या स्पायरोमीटरला (श्वासाबरोबर आतबाहेर जाणारी हवा मोजणाऱ्या उपकरणाला) ती दिसत नाही, कारण ती बाहेर येतच नाही. १९५६ मध्ये ड्युबॉय आणि सहकाऱ्यांनी हवाबंद, टेलिफोन बूथसारख्या कक्षाची पद्धत मांडली. रुग्ण आत बसतो, त्याच्या तोंडापुढची झडप क्षणभर बंद होते आणि तो बंद झडपेवरच धापा टाकतो. छाती फुगते तेव्हा फुप्फुसांतला दाब उतरतो, कक्षातला चढतो. या दोन दाबांवरून बॉइलच्या नियमाने (तापमान तेच असताना वायूचा दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात घटते) आतल्या हवेचे आकारमान निघते. वातस्फीतीत (फुप्फुसांतले वायुकोश खराब होऊन फुगण्याच्या विकारात) अडकून पडलेली हवा अशी पकडता येते. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना ही चाचणी नकोशी होते, आणि ते रास्तही आहे.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला, रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर याच कुळातला. बोटातून जाणारा प्रकाश रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमीजास्त होतो. रंगद्रव्य वापरून हृदयाचे कार्य मोजताना जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांना ही थरथर अडचणीची वाटत होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तीच उपयोगात आणली : प्रकाशाचा फक्त बदलणारा भाग घेतला, तर त्वचा आणि हाडे आपोआप वजा होतात आणि रोहिण्यांतले रक्त तेवढे हिशेबात उरते. हल्लीच्या यंत्रांत त्यासाठी ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश वापरतात. वजाबाकी पुरती निर्दोष नाही : गडद त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्राणवायूचे प्रमाण खऱ्याहून जास्त दाखवते. बोटे गार पडली असतील, तर मोजण्याजोगी लाटच उरत नाही.