गाडीतला ब्लॅक बॉक्स : ठोकर झाल्यावर सेल मारण्याआधी हे वाचा

"गाडीत ब्लॅक बॉक्स असतोय म्हणे. आपलं बोलणं ऐकतो का तो? असला तर काढून टाका." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. आणि त्याच आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक येतं : "गाडी ठोकली, एअरबॅगचा दिवा विझत नाही. डेटा क्लिअर मारा, संध्याकाळी गाडी न्यायची आहे." एकाला त्या डब्याची उगाच भीती, दुसऱ्याला त्याची किंमत ठाऊक नाही. दोघांना समजावताना बेंचवरचं काम अडतं, म्हणून हे पत्रक छापलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

डब्यात काय असतं

ज्याला ब्लॅक बॉक्स म्हणतात तो बहुतेक गाड्यांत वेगळा डबा नसतोच. एअरबॅग केव्हा उघडायची ते ठरवणारं जे मॉड्यूल असतं, त्याच्याच मेमरीचा एक कोपरा या नोंदीसाठी राखलेला असतो. त्याला ईडीआर, म्हणजे इव्हेंट डेटा रेकॉर्डर म्हणतात. मॉड्यूल तळहाताएवढं, गिअर लिव्हरच्या आसपास कन्सोलखाली, गाडीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट आवळलेलं. गाडीला बसलेला हिसका त्याला जसाच्या तसा कळायला हवा, म्हणून ते असं बसवतात. वरच्या लेबलवर पुढची दिशा दाखवणारा बाण असतो. हे मॉड्यूल उलटं किंवा सैल बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. तेव्हा त्यानंतरची गाडी असेल तर मॉड्यूल आहेच. ते नोंद किती ठेवतं, हे मात्र कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं.

नोंद कशी होते? गाडी चालू असताना मॉड्यूल शेवटचे काही क्षण फिरते ठेवतं, नवं आलं की जुनं जातं. जोराचा हिसका बसला तरच ते क्षण मेमरीत उतरतात. अमेरिकेच्या नियमातलं माप असं : 150 मिलिसेकंदांत गाडीच्या वेगात ताशी 8 किलोमीटरचा फरक पडला की ती 'घटना'. त्या नियमाप्रमाणे धडकेआधीच्या 5 सेकंदांची नोंद राहते, सेकंदाला दोन वेळा. डिसेंबर 2024 च्या सुधारणेत हे 20 सेकंदांपर्यंत आणि सेकंदाला दहा नोंदींपर्यंत वाढवलं आहे. वेग किती होता, ॲक्सिलरेटर किती दाबलेला होता, ब्रेकवर पाय होता की नव्हता, ड्रायव्हरचा बेल्ट लावलेला होता का, एअरबॅग किती मिलिसेकंदांनी उघडली, धडकेत वेग किती तुटला, हे त्यात येतं. आवाज आणि चित्र ईडीआरच्या व्याख्येतच बसत नाहीत. तुम्ही काल पन्हाळ्याला गेला की ज्योतिबाला, गाडीत शेजारी कोण होतं, हे त्याला माहीत नसतं.

मध्यंतरी एक वडील आले होते. मुलगा हायवेला गाडी किती पळवतो ते काढून द्या म्हणाले. रोजचा वेग त्यात साठतच नाही, काय काढून देणार? महिनाभर सुखरूप चाललेल्या गाडीत त्या महिन्याची एक ओळही नसते.

सगळ्यात महाग पडणारी चूक

आता मुख्य गोष्ट. ठोकर झाली की आपल्या माणसांचा हात आधी किल्लीकडे जातो. सेल मारून बघायचं, गाडी चालते का बघायचं, चालली की घरी आणायची. मग कोणीतरी ओळखीचा फिटर मीटरवरचा एअरबॅगचा दिवा 'घालवून' देतो. विम्याचा सर्व्हेअर येतो तो त्यानंतर.

इथे दोन प्रकार समजून घ्या. एअरबॅग उघडली असेल तर नोंद लॉक होते. गाडी ती स्वतःहून पुसू शकत नाही, तुम्ही किती वेळा किल्ली फिरवली तरी. एअरबॅग न उघडता नुसताच हिसका बसला असेल तर नोंद कच्ची राहते. पुढे दुसरा हिसका बसला की तिच्यावर नवी लिहिली जाऊ शकते, आणि काही जुन्या परदेशी गाड्यांत तर सुमारे 250 वेळा किल्ली फिरवल्यावर ती आपोआप जाते. म्हणजे ठोकलेली गाडी तशीच खड्ड्याखड्ड्यांतून रेटत आणली तर कच्ची नोंद हकनाक जाऊ शकते. आणि लॉक झालेली नोंद? ती गाडीला पुसता येत नाही, पण माणसाला येते. मॉड्यूल खोलून, त्यातल्या मेमरीच्या चिपवर कोरी फाइल लिहिली की दिवा विझतो आणि पुरावाही जातो.

गेल्या गळीत हंगामात गडहिंग्लजकडचे एक शिक्षक मॉड्यूल घेऊन आले. रात्रीची वेळ, रस्त्याकडेला ऊस भरलेली ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. सरांनी ब्रेक मारला, तरी गाडी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला घुसली. पुढे ट्रॉलीवाल्याच्या बाजूने म्हणणं आलं की सर शंभरच्या वर होते आणि ब्रेक मारलाच नाही. सरांचं म्हणणं साधं होतं : मी साठ-पासष्टला होतो, ते गाडीतून काढून द्या. त्या मॉडेलमध्ये वेग आणि ब्रेकची नोंद राहते हे आम्हाला ठाऊक होतं. मॉड्यूलचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं, आणि भिंगाखाली धरायच्या आधीच दिसलं. मेमरीच्या आठ पायांच्या चिपभोवती तपकिरी, चिकट फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो पदार्थ) वाळलेला. एका पायाचं सोल्डर बाकीच्यांपेक्षा चकचकीत, नवं. मेमरी वाचली तर धडकेच्या जागी ओळीने एफएफ, एफएफ, एफएफ. म्हणजे कोरं. गाडी टोचन करून ज्या गॅरेजला नेली होती तिथे दुसऱ्याच दिवशी दिवा घालवला होता. सरांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी सरांना विचारलं नव्हतं. "जुनी प्रत त्यांच्याकडे असेल का?" सरांनी विचारलं. आम्ही फोन करून पाहिलं. प्रत काढलीच नव्हती.

जी नोंद सरांच्या बाजूने बोलली असती ती वीस मिनिटांच्या कामात गेली. ज्या गॅरेजने हे केलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, गाडी लवकर द्यायची होती एवढंच. पण नुकसान भरून येत नाही.

म्हणून ठोकर झाल्यावर आधी माणसं बघा, मग मीटरवर जे दिवे लागलेत त्यांचा फोटो काढा आणि किल्ली बंद करून ती स्वतःच्या खिशात ठेवा. सेल मारू नका. गाडी टोचन करूनच हलवा. एअरबॅगच्या वायरिंगचे कनेक्टर पिवळे असतात, त्यांना नवख्या हाताने हात लावू नये. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो आणि बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ एअरबॅग उडवण्याइतकी वीज त्यात शिल्लक राहते. गाडी ज्या गॅरेजला जाईल त्यांना स्पष्ट सांगा, शक्यतो कागदावर : सर्व्हे होईपर्यंत मॉड्यूलला हात लावायचा नाही आणि बदललंच तर जुनं परत द्यायचं. पोलिसांत नोंद झाली असेल तर गाडी पोलिसांकडून सुटेपर्यंत थांबा.

"बॅटरी काढली की पुसतं का?" हेही बरेचजण विचारतात. नाही. ही मेमरी विजेवाचून टिकते. उगाच धास्तावू नका.

पुराच्या पाण्यातली गाडी हा याच चुकीचा दुसरा चेहरा. 2019 आणि 2021 च्या पुरात आम्ही हे फार पाहिलं. मॉड्यूल गाडीत खाली असतं, पाणी सीटच्या खालपर्यंत आलं तरी ते बुडतं. ओलं मॉड्यूल असताना किल्ली फिरवली की आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या रेघा जळतात आणि वाळवून वाचण्यासारखं मॉड्यूल कायमचं जातं. तिथेही तेच सांगणं : किल्ली खिशात.

नोंद नेहमी खरं बोलते का?

बहुतेक वेळा बोलते, पण तिला जे दिसतं तेच. वेग ती चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फिरण्यावरून मोजते. चाकं लॉक होऊन गाडी घसरत गेली तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तुम्ही कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तरीही आकडा कमी येतो, कारण चाक तेवढंच फिरूनही गाडी जास्त पुढे गेलेली असते. अलॉय बसवून घेणाऱ्या पोरांनी टायरचं माप बिलावर लिहून घ्यावं.

आणि बेल्टच्या जागी क्लिप. बीप वाजू नये म्हणून बकलमध्ये नुसती पत्र्याची क्लिप अडकवतात. मॉड्यूलला वाटतं बेल्ट लावला आहे. ते तशीच नोंद करतं, आणि बऱ्याच गाड्यांत बेल्ट ओढून घेण्याचा आणि एअरबॅग केव्हा उडवायची याचा निर्णयही त्याच समजुतीवर घेतं. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. तरी आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत त्या अजून सापडतात. आम्ही त्या काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. राग येतो काहींना, पण देतो.

ही माहिती कुणाची?

अमेरिकेत 2015 च्या ड्रायव्हर प्रायव्हसी ॲक्टने ठरवून टाकलं की ईडीआरमधली माहिती गाडीच्या मालकाची, किंवा गाडी भाड्याने घेतली असेल तर त्या भाडेकरूची. युरोपात नव्या मॉडेलना जुलै 2022 पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना जुलै 2024 पासून ईडीआर सक्तीचा झाला. तिथे गाडीच्या चासी नंबरातले शेवटचे चार आकडे नोंदीत ठेवायचेच नाहीत असा नियम आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. या डब्याला धरून वेगळा कायदा मात्र नाही. म्हणून आम्ही आमचा नियम केला.

आरसी बुकावर ज्याचं नाव त्याची सही असल्याशिवाय आम्ही मॉड्यूल वाचत नाही. मालक येऊ शकत नसेल तर त्याचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत लागते. अहवाल मालकाच्याच हातात. समोरच्या पार्टीच्या गाडीचं मॉड्यूल कुणी पिशवीतून आणलं तर ते तसंच परत जातं. पोलीस किंवा न्यायालयाचं लेखी पत्र असेल तर गोष्ट वेगळी. यावरून आमच्याशी भांडण काढू नका. उद्या तुमचं मॉड्यूल कुणी आमच्याकडे आणलं, तर हाच नियम तुमच्या कामाला येईल.

खरं सांगायचं तर खासगी माहितीची काळजी असेल तर एअरबॅगच्या डब्यापेक्षा गाडीच्या स्क्रीनकडे बघा. फोन जोडला की कॉन्टॅक्ट, कॉलची यादी, नकाशात 'घर' म्हणून ठेवलेला पत्ता स्क्रीनमध्ये राहतो. कंपनीच्या ॲपवर गाडी कुठे उभी आहे ते दिसतं. गेल्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतलेल्या एका ताईंची गाडी कळंब्यात घरासमोर आपोआप अनलॉक व्हायची. जुन्या मालकाच्या फोनमध्ये ॲप तसंच जोडलेलं होतं, त्यांचा मुलगा खेळता खेळता बटण दाबायचा. गाडी विकताना स्क्रीनला फॅक्टरी रीसेट मारा, ॲपमधून गाडी काढा, फास्टॅग बंद करा. नाहीतर नवा मालक किणी नाका ओलांडेल तेव्हा मेसेज तुम्हाला येईल आणि पैसेही तुमचेच जातील. गाडी घेताना हेच सगळं विकणाऱ्याकडून समोर करून घ्या. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला काही डोंगल लावलेलं आहे का, तेही वाकून बघा.

आमच्याकडे वेळ का लागतो

"शेजारी वीस मिनिटांत होतं, तुम्हाला दीड दिवस का?" कारण आम्ही क्लिअर मारण्याआधी मेमरीची पूर्ण प्रत काढतो, फाइलचा हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा; आत काही बदललं की तोही बदलतो) लिहून ठेवतो आणि ती पेन ड्राइव्हवर तुम्हाला देतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश विचारला जातो, म्हणून ही सवय. मग प्रत्येक एअरबॅगची आणि बेल्टची वायर मोजतो. उडालेल्या एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टन्स टाकला की मॉड्यूल फसतं, दिवा विझतो आणि पुढच्या धडकेला तिथे काहीच उघडत नाही. हे काम आम्ही कितीही पैसे दिले तरी करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो : साध्या स्कॅनरवर दिसतात ते फॉल्ट कोड आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचे आकडे. तो ईडीआरचा अहवाल नव्हे. तो काढायला त्या कंपनीचं किंवा खास साधन लागतं, आणि इथल्या सगळ्या मॉडेलना ते चालत नाही. तुमच्या गाडीचं निघेल की नाही हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. निघत नसेल तर मॉड्यूल सील करून, त्यावरच्या नंबराचा फोटो काढून तुम्हाला परत देतो.

ज्यांना कायम पुरावा हाताशी हवा त्यांनी डॅशकॅम बसवावा. तो रस्ता दाखवतो, जे मॉड्यूलला कधीच दिसत नाही, आणि आवाज रेकॉर्ड करायचा की नाही हे तुमच्या हातात राहतं. आम्ही फ्यूजमधून वायर काढून बसवतो, पुढचे पॅनल न कापता. सेकंडहँड गाडी घेण्याआधी एअरबॅगचं स्कॅनिंगही आमच्याकडे होतं. गाडी पूर्वी ठोकली असेल आणि नुसता दिवा घालवला असेल तर बहुतेक वेळा मोजणीत सापडतं.

येताना आरसी, विम्याची पॉलिसी आणि मीटरचा तो फोटो आणा. सोमवारी दुकान बंद असतं. या पत्रकाच्या मागे एक पट्टी छापली आहे : 'सर्व्हे होईपर्यंत एअरबॅग मॉड्यूल खोलू नये, जुना पार्ट मालकास परत द्यावा.' गाडी नंबर आणि सही टाकून ती फाडा आणि टोचनवाल्याकडे द्या.