वारसाने आलेले शेअर: नावावर कसे करायचे आणि विकताना कर कसा मोजायचा

वडील गेले. त्यांच्या डीमॅट खात्यात एका कंपनीचे हजार शेअर आहेत आणि तो शेअर एका दिवसात पाच-सात टक्के वरखाली होतोय. अशा वेळी घरात कोणीतरी म्हणतंच, भाव आहे तोवर विकून मोकळे होऊ. पासवर्ड माहीत असतो, ओटीपी येणारा मोबाइलही हाताशी असतो. कळकळीने सांगतो, तसं करू नका. गेलेल्या माणसाच्या लॉगिनने केलेला व्यवहार अनधिकृत असतो, आणि उद्या एखाद्या भावंडाने हरकत घेतली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. आधी शेअर रीतसर तुमच्या खात्यात यायला हवेत. या प्रक्रियेला ट्रान्समिशन म्हणतात. ती पूर्ण होईपर्यंत विक्री करता येत नाही, मग भाव कुठेही जावो. म्हणूनच अर्ज लवकर करावा.

अर्ज कोण करू शकतो? खातं संयुक्त असेल तर हयात असलेला सहधारक, नाहीतर नॉमिनी, आणि नॉमिनीच नसेल तर कायदेशीर वारस. अर्जदाराचं स्वतःचं डीमॅट खातं हवंच. ते त्याच ब्रोकरकडे असण्याची गरज नाही.

नॉमिनी असेल तर काम सोपं आहे. ट्रान्समिशनचा अर्ज, मृत्यूचा दाखला (मूळ किंवा प्रमाणित प्रत), पॅन आणि तुमच्या खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट (खात्याच्या तपशिलाचा दाखला), एवढं मृत व्यक्तीचं खातं जिथे आहे त्या डीपीकडे (डीमॅट खातं सांभाळणाऱ्या ब्रोकर किंवा बँकेकडे) द्यायचं. दाखल्यावरचं नाव आणि डीमॅटवरचं नाव अक्षरशः जुळतंय का, हे अर्जाआधीच पाहा. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या फरकानेही अर्ज परत येऊ शकतो.

नॉमिनी नसेल तर कागद वाढतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०२२ च्या नियमांनुसार डीमॅटमधल्या शेअरचं मूल्य १५ लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र यांवर काम होऊ शकतं. त्यापेक्षा जास्त मूल्य असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (न्यायालयाने प्रमाणित केलेलं मृत्युपत्र) किंवा तत्सम दस्तऐवज लागतो. शेअर अजून कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात असतील तर अर्ज कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, आयएसआर-५ या फॉर्मवर.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या: नॉमिनी हा मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलं आहे. नॉमिनी शेअर सांभाळतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

आता कराकडे येऊ, कारण खरा घोळ इथेच होतो. भारतात वारसा कर नाही. मालमत्ता शुल्क १९८५ मध्येच रद्द झालं. त्यामुळे शेअर तुमच्या नावावर आले त्या दिवशी काहीच देणं नसतं. कर लागतो तो विकताना, आणि तेव्हा मृत्यूच्या दिवशीचा भाव कुठेही मोजला जात नाही. वडिलांची खरेदी किंमत हीच तुमची खरेदी किंमत, आणि त्यांनी शेअर बाळगला तो काळही तुमच्या खात्यात जमा.

समजा वडिलांनी २०१२ मध्ये ८० रुपयांना शेअर घेतला. ३१ जानेवारी २०१८ रोजी त्याचा सर्वाधिक भाव ३०० होता. ते गेले त्या दिवशी ९००, आणि तुम्ही विकलात ६५० ला. तुमच्या मनात प्रत्येक शेअरमागे २५० चा तोटा झालेला असतो. कायद्याच्या हिशेबात ३५० चा नफा आहे. जुन्या सूचीबद्ध शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीपेक्षा जास्त असेल तर तो धरता येतो, म्हणून ८० ऐवजी ३००. हजार शेअरवर ३,५०,००० रुपये दीर्घकालीन नफा, म्हणजे वर्षाहून जास्त बाळगलेल्या शेअरवरचा. त्या वर्षी दुसरा असा नफा नसेल तर करमुक्त १,२५,००० वजा, उरलेल्या २,२५,००० वर १२.५ टक्के, म्हणजे २८,१२५ रुपये आणि वर ४ टक्के उपकर. मधे शेअरचं विभाजन झालं असेल तर ३०० हा आकडाही त्या प्रमाणात कमी करायचा.

ब्रोकरच्या ॲपवर दिसणाऱ्या 'खरेदी किमती'वर विसंबू नका. ट्रान्समिशनने आलेल्या शेअरची जुनी किंमत त्यांच्याकडे बहुतेक नसतेच. वडिलांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावत्या) आणि बँकेची जुनी स्टेटमेंट शोधून एका फाइलमध्ये लावा.

तोच शेअर तुम्ही स्वतःही घेत-विकत असाल तर वारशाचे शेअर वेगळ्या डीमॅट खात्यात घ्या, असा माझा आग्रह आहे. खात्यात जो शेअर आधी आला तो आधी विकला गेला, असं धरलं जातं, आणि हा क्रम प्रत्येक खात्यापुरता स्वतंत्र असतो. एकाच खात्यात सरमिसळ झाली की वारशाचा दीर्घकालीन शेअर विकतोय असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात वारशाचे शेअर येण्याआधी, गेल्या महिन्यात घेतलेला तुमचा शेअर जातो, आणि तो वर्षाच्या आत विकल्यामुळे त्याच्या नफ्यावर २० टक्के लागतात.

वडिलांचं शेवटचं विवरणपत्रही राहू देऊ नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर दाखवावं लागतं. त्यासाठी आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. मृत्यूनंतर जाहीर झालेला लाभांश मात्र तुमच्याच विवरणपत्रात येतो.