वेगवान छर्रा म्हणजे जोरदार छर्रा नव्हे

एअर रायफल घेताना पुण्यातही हटकून ऐकू येणारा सल्ला म्हणजे, छर्रा जितका हलका आणि वेगवान तितका त्याचा मार मोठा. हा समज चुकीचा आहे, कारण ऊर्जा वेगाबरोबर वजनावरही ठरते: ०.४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटला तर १८ ज्यूल भरतात, आणि ०.५ ग्रॅमचा २८० मीटरने सुटूनही १९.६. शिवाय हलका छर्रा हवेत वेग लवकर गमावतो. ध्वनीच्या वेगाजवळ गेला तर भरकटतोही. बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर १० मीटर अंतरासाठी चपट्या तोंडाचा छर्रा योग्य, कारण तो कागदाला स्वच्छ भोक पाडतो. इंग्लंडमध्ये, जिथे सुमारे १६ ज्यूलपर्यंतच्या रायफलीला परवाना लागत नाही, सशासाठी मात्र गोल डोक्याचाच पसंत करतात.

आपल्याकडे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर व ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून मुळशीकडे ससा-तित्तर टिपायला मोकळीक आहे, हा तर त्याहून घातक गैरसमज. परवान्याची सूट बंदुकीला आहे, शिकारीला नाही; ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, मग छर्रा कितीही ज्यूलचा असो.