खुर्चीचे हात काळे का पडले?

जुनी खुर्ची घासून स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, लावायला घेतला. पाठ छान तपकिरी झाली, पण हातांची पुढची टोकं एकदम काळपट. डबा तोच, फडकं तेच.

झाड मुळांकडचं पाणी ज्या बारीक नळ्यांतून वर नेतं, त्या नळ्या लाकूड वाळल्यावरही शाबूत असतात. फळीच्या अंगाला त्या आडव्या पडलेल्या असतात, म्हणून स्टेन वरवर राहतो. टोकाशी मात्र त्या कापल्या गेल्याने हजारो तोंडं उघडी असतात, आणि दिव्याची वात तेल ओढते तसा त्या रंग ओढतात. म्हणून ही तोंडं बुजावीत यासाठी टोकं जास्त बारीक पॉलिश पेपरने घासायची: बाकी भागाला १५० नंबर, तर टोकांना २४०. हे मला नंतर कळलं.

पाइनची तर आणखी गंमत. त्याचे फिकट पट्टे भुसभुशीत आणि गडद पट्टे घट्ट असतात. स्टेन लावला की फिकट पट्टा अधाशासारखा रंग पितो, घट्ट पट्टा कोरडाच राहतो. लाकूड फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं दिसू लागतं!

टोकं पुन्हा घासली, पण काळेपणा खोलवर गेला होता. मग सरळ पांढरा, पाण्यात कालवायचा रंग दिला. सकाळी पाहतो तर पिवळट डाग. लाकडातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट पदार्थ, पाण्यात विरघळतं. ओल्या रंगाबरोबर तेच वर आलं होतं.

यावर उतारा चपडा लाखेचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे लाकूड आणि रंग यांच्यामधे तिचा एक थर दिला की टॅनिनची वाट बंद. जुनं पॉलिश लाखेचं आहे का, तेही स्पिरिटच सांगतं. खुर्ची उलटी करून एक थेंब टाका; मिनिटभरात बोटाला चिकटलं तर लाख. पॉलियुरेथेनचं कृत्रिम पॉलिश ढिम्म हलत नाही, कारण सुकताना त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

आणि ते स्टेनचं फडकं? त्यातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. बोळा करून टाकलं तर ती आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. माझं बाहेर तारेवर पसरून वाळतंय.