सार्वजनिक खरेदी आणि श्रम-उत्पादकता

सरकारी खाती, स्थानिक स्वराज्य संस्था, सरकारी रुग्णालये, विद्यापीठे आणि सार्वजनिक उपक्रम बाजारातून माल, सेवा आणि बांधकाम विकत घेतात. या सगळ्या व्यवहाराला सार्वजनिक खरेदी म्हणतात. पेन्सिलीपासून पाणबुडीपर्यंत सारे त्यात येते. जगाच्या एकूण उत्पन्नाचा साधारण १२% हिस्सा या वाटेने खर्च होतो. २०१८ साली ही रक्कम सुमारे ११ लाख कोटी डॉलर होती. अर्थशास्त्राने बराच काळ या विषयाकडे लिलावाचा प्रश्न म्हणून पाहिले. बोली सीलबंद असावी की खुली, किती बोलीदार आले म्हणजे दर उतरतो, संगनमत कसे ओळखावे, याचे गणित बारकाईने मांडले गेले. त्या गणितात खरेदी करणारा माणूस जवळजवळ नव्हताच. गेल्या दीड-दोन दशकांच्या संशोधनाने तो पुढे आणला, आणि त्याच्याबरोबर कंत्राटावर राबणारा कामगारही.

सरकारी कर्मचाऱ्याची उत्पादकता, म्हणजे एका माणसामागे किती काम निघते ते, मोजणे एरवी फार अवघड असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात सरकारी सेवांचे मोल त्यांवर झालेल्या खर्चाइतके धरण्याची पद्धत बरीच रूढ आहे. दहा कारकुनांचे काम पाच जणांनी निभावले, तर अशा हिशेबात उत्पादकता वाढल्याचे दिसत नाही. पगार कमी झाला म्हणून उत्पादन घटल्याचेच दिसते. खरेदी मात्र मोजता येते. त्याच प्रतीच्या कागदाचे रीम एका कचेरीने एका दराने घेतले आणि दुसरीने दीडपट दराने, तर दोन्ही टेबलांवरच्या कामातला फरक आकड्यात दिसतो. अट एवढीच की वस्तू खरोखर एकसारखी हवी. म्हणूनच या अभ्यासांचा निम्मा जीव वस्तूंची वर्णने जुळवण्यात खर्ची पडतो.

ओरियाना बांदिएरा, अँड्रिया प्रात आणि तोमासो व्हालेत्ती यांनी २००९ मध्ये इटलीतल्या सरकारी खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच प्रकारच्या वस्तूला निरनिराळी कार्यालये किती पैसे मोजतात हे त्यांनी तपासले. केंद्रीय प्रशासनातली कार्यालये निमस्वायत्त संस्थांपेक्षा किमान २२% जास्त दर देत होती. जादा खर्चाचे त्यांनी दोन भाग पाडले : ज्यातून खरेदी करणाऱ्याला काही लाभ होतो तो, आणि ज्यातून कुणालाच काही मिळत नाही, नुसता ढिसाळपणा, अज्ञान किंवा नियमांचे ओझे कारणीभूत असते तो. दुसऱ्या भागाचे प्रमाण ८०% हून अधिक निघाले. सरकारी खरेदीचा विषय निघाला की चर्चा थेट भ्रष्टाचारावर जाते. या निष्कर्षाने तिला वेगळे वळण दिले, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे. चोरी पकडण्यासाठी रचलेल्या व्यवस्थेत नीट काम करू पाहणाऱ्याची काय गत होते, हा प्रश्न तिथून पुढे आला.

मायकेल बेस्ट, योनास यॉर्ट आणि डेव्हिड झाकोनी यांनी रशियातल्या २०११ ते २०१६ या काळातल्या सुमारे १ कोटी ६० लाख खरेद्या पाहिल्या. नेमके वर्णन केलेल्या वस्तूंच्या दरांत जो चढउतार होता, त्यातला ३९% वाटा खरेदी सांभाळणारी व्यक्ती आणि संस्था कोणती यावरून ठरत होता. कायदा सगळ्यांना एकच होता. अमेरिकेच्या केंद्रीय कंत्राटांवरही असेच काम झाले आहे : खरेदी कार्यालयाची क्षमता जास्त असेल तर कामाला होणारा विलंब, वाढीव खर्च आणि पुन्हापुन्हा होणाऱ्या वाटाघाटी कमी होतात, आणि कार्यालयातले आपसातले सहकार्य हे त्यामागचे एक मोठे कारण दिसते.

सर्वांत जवळून पाहावा असा प्रयोग पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातला. २६ जिल्ह्यांतले ६०० खरेदी अधिकारी त्यात होते, आणि खरेदी रोजच्या वापराच्या साध्या वस्तूंची होती. अधिकारी दरपत्रके मागवतो, पुरवठादार ठरवतो, माल घेतो. पण पैसे लेखा कार्यालयाने मंजुरी दिल्यावरच सुटतात. एक कागद कमी आहे, एवढ्यावरून फाइल परत येऊ शकते. प्रयोगात काही अधिकाऱ्यांना जास्त मोकळीक दिली, काहींना कामगिरीवर बक्षिसी, काहींना दोन्ही. नुसत्या मोकळिकीने दर ९% उतरले आणि मालाची प्रत घसरली नाही. जिथे मंजुरी देणारा अधिकारी वर्षअखेरपर्यंत फाइली अडवून ठेवत असे, तिथे हा परिणाम जास्त दिसला. त्याचा अर्थ उमजायला सोपा आहे. बिल कधी निघेल याचा भरवसा नसला की पुरवठादार तो धोका दरातच धरतो. बक्षिसीची गंमत उलटी होती : मंजुरी वेळेवर मिळत होती तिथेच ती लागू पडली. ज्याच्या हातात फाइल हलवणेच नाही, तो बक्षिसाच्या आशेने तरी काय करणार?

वर्षअखेरच्या घाईचा वेगळा अभ्यास जेफ्री लीबमन आणि नील महोनी यांनी केला. अमेरिकेत आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला केंद्रीय खरेदी खर्च उरलेल्या वर्षाच्या साप्ताहिक सरासरीच्या ४.९ पट निघाला, आणि त्या घाईत दिलेल्या माहिती-तंत्रज्ञान प्रकल्पांचा दर्जा बराच कमी ठरला.

म्हणून नियम काढून टाकावेत का? पुरावा तसे सांगत नाही. हंगेरीत अधिकाऱ्यांना निवडीचा जास्त अधिकार दिल्यावर दर वाढले आणि कमी उत्पादक कंपन्यांना कंत्राटे गेली. १८७ देशांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले की प्रशासनाची क्षमता कमी असेल तिथे कडक नियमांचा उपयोग होतो, आणि क्षमता चांगली असेल तिथे तेच नियम शहाणपणाने निर्णय घेण्याच्या आड येतात.

खरेदीच्या पलीकडच्या टोकाला कंत्राट मिळालेली कंपनी असते. ब्राझीलमधल्या सरकारी ऑनलाइन लिलावांचा शेवटचा क्षण पूर्वी कुणालाच आधी ठाऊक नसे. संगणक तो चिठ्ठी काढावी तसा ठरवत असे. शेवटच्या काही सेकंदांत दोन बोलीदार चढाओढ करत असले, तर कोण जिंकले हे बरेचसे नशिबावर राही. क्लाउडिओ फेराझ, फ्रेडरिको फिनान आणि दिमित्री झेर्मन यांनी नेमक्या अशाच जोड्यांची तुलना केली. कंत्राट मिळालेल्या कंपनीच्या कामगार-संख्येची वाढ त्या तिमाहीत २.२ टक्के-बिंदूंनी जास्त झाली. नव्याने लागलेल्या कामगारांपैकी ९३% आधी बेरोजगार किंवा असंघटित क्षेत्रात होते, आणि वाढ कंत्राटाची मुदत संपल्यावरही टिकली. इथे एक जपून बोलायला हवे : कामगारांची संख्या वाढणे आणि दर कामगारामागचे उत्पादन वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याची चूक बऱ्याच लेखनात होते.

कंत्राटात काय लिहिले यावर कामाचा वेग खूप बदलतो. कॅलिफोर्नियातल्या काही महामार्ग-कामांत बोलीदाराने किमतीबरोबर दिवसांचीही बोली लावायची आणि दोन्ही मिळून निवड व्हायची. ग्रेगरी ल्यूइस आणि पॅट्रिक बजारी यांच्या मोजणीनुसार अशी कामे ३० ते ४०% लवकर पुरी झाली.

मजुरीची अटही जुनी आहे. ब्रिटिश संसदेने सरकारी कंत्राटांत रास्त वेतनाचा ठराव १८९१ मध्ये केला, अमेरिकेत सार्वजनिक बांधकामांसाठी प्रचलित वेतनाचा, म्हणजे त्या भागात चालू असलेली मजुरी देण्याचा, कायदा १९३१ मध्ये आला आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ मध्ये याच विषयावर ९४ क्रमांकाचा करार संमत केला. अशा अटीने खर्च वाढतो, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. चांगल्या वेतनाने माणूस टिकतो, शिकतो आणि मन लावून काम करतो, त्यामुळे खर्चाचा काही भाग भरून निघतो, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. १९८० च्या दशकातल्या कार्यक्षम वेतनाच्या सिद्धांताने त्याला सैद्धांतिक आधार दिला. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याचे एक कारण नोंदींतच आहे. निविदेतला दर संगणकावर सापडतो. सफाईच्या कंत्राटात मात्र हजेरीपटावर किती जण आले एवढेच लिहिलेले असते. किती मजले खरोखर स्वच्छ झाले आणि त्यासाठी किती जणांना ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावे लागले, याचा रकाना त्यात नसतो.