सिंग, अर्जन

सिंग, अर्जन : (१५ एप्रिल १९१९ – १६ सप्टेंबर २०१७). १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील भारतीय हवाई दलाचे प्रमुख आणि ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा हुद्दा मिळालेले एकमेव अधिकारी. जन्म लायलपूरचा (आता पाकिस्तानातील फैसलाबाद). सातारा-सांगलीच्या मुलखाशी त्यांचा ना जन्माचा संबंध, ना नोकरीचा. तरी या मुलखात त्यांचे नाव निघते ते यशवंतराव चव्हाणांच्या नावाला लागून. देवराष्ट्र्यात (आता सांगली जिल्हा) जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव त्या युद्धात देशाचे संरक्षणमंत्री होते.

इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या महाविद्यालयात शिकून अर्जन सिंग १९३९ च्या अखेरीस वैमानिक झाले. १९४४ मध्ये इंफाळला जपानी फौजेचा वेढा पडला, तेव्हा पहिल्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमाने त्यांच्या हाताखाली होती. त्या कामगिरीबद्दल माउंटबॅटन यांनी आघाडीवर येऊन त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक दिले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावरून गेलेल्या शंभरावर विमानांच्या संचलनाचे नेतृत्वही त्यांचेच. १ ऑगस्ट १९६४ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले, वय ४५.

वर्ष-सव्वा वर्षात कसोटी आली. १ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पाकिस्तानी रणगाडे जम्मूतील छांब भागात घुसले. रोख अखनूरच्या पुलावर होता. तो पडता तर जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारी वाट तुटली असती. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी विमानांची मदत मागितली. सीमेवर हवाई दल वापरणे म्हणजे युद्ध वाढवणे, हे निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. मंत्रिमंडळ बोलावण्याइतका वेळ नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. विमाने किती वेळात पोहोचतील या प्रश्नाला अर्जन सिंगांनी ‘तासाभरात’ असे उत्तर दिले, आणि ते खरे करून दाखवले. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पठाणकोटहून पहिली व्हँपायर लढाऊ विमाने उडाली.

या तासाभराचे कौतुक पुष्कळ होते, त्याच्या किमतीबद्दल कमी बोलले जाते. व्हँपायर जुनाट होती, समोर पाकिस्तानची सेबर जेट. त्या संध्याकाळी चार व्हँपायर गमावली आणि पुढे ती आघाडीवरून काढावीच लागली. लष्कर व हवाई दल यांनी आधी एकत्र बसून योजना आखली नव्हती, हा त्या युद्धाचा उघडा दोष. तो एकट्या दलप्रमुखाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे. ३ सप्टेंबरला भारतीय वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी नॅट विमानातून सेबरवर मात केली, तेव्हा वैमानिकांना धीर आला. ६ तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात पठाणकोटच्या तळावर उभी असलेली नवी मिग-२१ लढाऊ विमानेसुद्धा जळाली. दुसऱ्या दिवशी भारतीय विमानांनी पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ले चढवले. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली.

सातारा जिल्ह्यात ‘पोरगा फौजेत आहे’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पायदळ येते. मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावाची ओळखच त्यावर उभी आहे. त्यामुळे १९६५ च्या आठवणींतही रणगाडे आणि खंदकच जास्त. आकाशातले युद्ध येते ते यशवंतरावांच्या त्या होकाराच्या गोष्टीतून.

युद्धानंतर हवाई दलप्रमुखाचा हुद्दा वाढवण्यात आला आणि १९६६ मध्ये अर्जन सिंग पहिले एअर चीफ मार्शल झाले. त्याआधीच त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. ६० हून अधिक प्रकारची विमाने चालवलेला हा अधिकारी दलप्रमुखपदी असतानाही स्वतः उडत राहिला. १९६९ मध्ये, अवघ्या पन्नाशीत, ते निवृत्त झाले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, केनियात उच्चायुक्त आणि दिल्लीचे नायब राज्यपाल अशी पदे त्यांनी भूषवली. जानेवारी २००२ मध्ये त्यांना मार्शल हा हुद्दा देण्यात आला. दिल्लीजवळची आपली शेती विकून त्यांनी निवृत्त हवाई सैनिकांच्या मदतीसाठी २ कोटी रुपयांचा निधी उभा केला. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील पानागढच्या हवाई तळाला त्यांचे नाव देण्यात आले, ते हयात असतानाच.