व्हिनेगर टाकून केएच उतरत नाही

बडोद्यात रीफ टँक, म्हणजे कोरलचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत हे कधीपासून फिरतंय, की अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे; तिचाच आकडा म्हणजे केएच) चढली की थोडं व्हिनेगर ओता, झालं काम. होत नाही हो. ओतल्यावर टेस्ट केली तर आकडा खाली दिसतो हे खरं, कारण ॲसिडने बायकार्बोनेटचा सीओटू होतो, पण मग टँकमधले बॅक्टेरिया व्हिनेगरमधला ॲसिटेट खाऊन टाकतात आणि त्यातून बायकार्बोनेट परत तयार होतं, म्हणजे केएच जवळपास होता तिथेच. वर बॅक्टेरिया वाढून पाणी गढूळ, ऑक्सिजन कमी, ते वेगळंच.

सीओटू सोडला तरी तेच, पीएच पडतो पण अल्कलिनिटी हलत नाही.

हायड्रोक्लोरिक ॲसिडने ती खरंच उतरते, पण पीएच एकदम आपटतो, घरच्या छोट्या टँकमध्ये मी तरी करू देणार नाही.

मुळात चढली का ते बघा ना. आपल्याकडे मे महिन्यात पाणी भराभर उडतं, क्षार आत राहतात, आणि वरून बोअरचं जड पाणी भरलं तर रोज बायकार्बोनेट घालताय असंच समजा. उडालेलं पाणी भरायला (टॉप-अपला) आरओ-डीआयच, म्हणजे क्षार काढलेलं पाणीच, वापरा. केएच वाढवणाऱ्या बफरचा डोस बंद करा, कोरल कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधताना केएच आपणच खातात. घाई असेल तर कमी केएचच्या सागरी मिठाचं पाणी करून थोडं थोडं बदला. समुद्रात साधारण ७ डीकेएच (केएच मोजायचं एकक) असतं, टँक ९ वर स्थिर असेल तर छेडू पण नका.